दिवसभर कोड वाचणाऱ्यांचा मॉनिटर

मॉनिटरच्या खोक्यावर ठळक छापलेले आकडे बहुतेक वेळा गेम खेळणाऱ्यांसाठी किंवा व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी असतात. एक मिलिसेकंद रिस्पॉन्स, १८० हर्ट्झ, शंभर कोटी रंग, एचडीआर. प्रोग्रॅमर मात्र दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यावर जे बघतो ते अगदी वेगळे असते: दहा-बारा पॉइंटांची, जागची न हलणारी अक्षरे. त्यातही स्वतः टाइप करण्यापेक्षा आधी लिहिलेले वाचण्यातच त्याचा वेळ जास्त जातो. रॉबर्ट मार्टिन यांनी ‘क्लीन कोड’ या २००८ सालच्या पुस्तकात वाचन आणि लेखन यांचे हे प्रमाण दहास एकाहूनही जास्त असल्याचे नोंदवले आहे. म्हणजे प्रोग्रॅमरचा मॉनिटर हे मुख्यतः वाचनाचे साधन आहे, आणि त्याचा पॅनल पारखायचा तो याच कामावर.

हे वाचन बारकाईचे असते. कादंबरीत एखादे अक्षर नीट दिसले नाही तरी वाक्याच्या ओघात ते कळते. कोडमध्ये अर्धविरामाच्या जागी अपूर्णविराम पडला, इंग्रजी ‘एल’च्या जागी एकचा आकडा आला किंवा शून्याऐवजी ‘ओ’ टाइप झाला, तर प्रोग्रॅम चालत नाही, आणि कधीकधी चुकीचा चालतो, जे जास्त वाईट. ज्यांच्या हाताखालून मराठी मजकूर जातो, म्हणजे बँकेच्या ॲपची मराठी आवृत्ती किंवा सरकारी अर्जाचे पान करणारे, त्यांची कसोटी आणखी कडक. अनुस्वार सुटला आहे का, वेलांटी पहिली की दुसरी, रफार नेमका कोणत्या अक्षरावर बसला आहे, हे सगळे एकाच ओळीच्या उंचीत दिसावे लागते. रोमन अक्षर जेवढ्या जागेत ऐसपैस बसते तेवढ्याच जागेत देवनागरीला वरची मात्रा, शिरोरेषा, मूळ अक्षर आणि खालचा उकार अशी सगळी मांडणी करायची असते.

पॅनलचे प्रकार समजून घ्यायचे तर आत काय घडते ते थोडे पाहावे लागेल. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे पांढरा दिवा सतत जळत असतो आणि समोर द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या एका पदार्थात दोन वितळणबिंदू आढळले आणि द्रव व घन यांच्या मधली ही अवस्था पहिल्यांदा नोंदली गेली. या अवस्थेतले लांबट रेणू विजेच्या दाबाने आपली दिशा बदलतात आणि त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशाही बदलवतात. पुढेमागे दोन पोलरायझर लावले की प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या भागावर खिडकीच्या झडपेसारखी कमीजास्त उघडणारी एकेक झडप तयार होते. टीएन, व्हीए आणि आयपीएस या तिन्ही नावांतला फरक एवढाच, की ही झडप मिटताना आणि उघडताना रेणू कसे उभे राहतात.

टीएन सगळ्यांत जुना. डिसेंबर १९७० मध्ये स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश कंपनीत मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी त्याचे पेटंट नोंदवले. कॅल्क्युलेटर आणि मनगटी घड्याळे त्यावरच चालली आणि नंतर स्वस्त लॅपटॉपही. यात रेणूंची साखळी काचेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत नव्वद अंशांनी पिळलेली असते. वीज दिली की पीळ सुटतो. रचना साधी, खर्च कमी, वेग भरपूर. पण अर्धवट उघडलेल्या झडपेत रेणू एका बाजूला तिरके झुकलेले असतात, म्हणून वरून बघितले तर पडदा फिकट आणि खालून बघितले तर काळवंडलेला दिसतो. खुर्चीत जरा खाली सरकले की एडिटरमधला करडा रंग बदलतो. बऱ्याच टीएन पॅनलांत प्रत्येक रंगाच्या ६४ छटाच खऱ्या असतात आणि बाकीच्या झटपट अदलाबदल करून भासवल्या जातात.

लांबलचक फाइल एका नजरेत दिसावी म्हणून अनेक जण मॉनिटर उभा फिरवून ठेवतात. टीएनचा इथे अगदीच निभाव लागत नाही. त्याची वरखालची कमजोरी आता डावी-उजवीकडे येते. माणसाचे दोन डोळे साधारण सहा सेंटिमीटर अंतरावर असतात, म्हणजे ६० सेंटिमीटरवरच्या पडद्याकडे ते जवळपास सहा अंशांच्या फरकाने पाहतात. परिणामी एकाच अक्षराची छटा दोन डोळ्यांना वेगवेगळी दिसते आणि मेंदूला ती सतत जुळवत बसावे लागते. नवा मॉनिटर घेताना कोडसाठी टीएन घेण्याचे कारण आज उरलेले नाही.

व्हीएमध्ये वीज नसताना रेणू काचेवर सरळ उभे असतात, त्यामुळे झडप जवळजवळ पूर्ण मिटते. फुजित्सूने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हे तंत्र वापरण्याजोगे केले. त्याचे बळ कॉन्ट्रास्टमध्ये आहे: साध्या आयपीएसमध्ये पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ असतो, तर व्हीएमध्ये तीन हजारपट किंवा त्याहून जास्त. रात्री मंद दिव्यात काळ्या थीमवर काम करणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी कळतो. काळा खरोखर काळा दिसतो, आयपीएससारखा राखाडी नाही.

पण व्हीएच्या दोन खोडी नेमक्या कोडच्याच आड येतात. पहिली कोनाची. ३२ इंची मॉनिटर सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद असतो. साठ सेंटिमीटरवर बसले तर मध्यावर नजर सरळ पडते, पण दोन्ही कडांवर ती ३० अंशांनी तिरकी पडते. तिरक्या कोनातून व्हीएच्या गडद छटा उजळतात आणि एकमेकींत मिसळू लागतात. एडिटरमध्ये कडेलाच तर फाइलींची यादी, ओळींचे आकडे आणि फिकट करड्या रंगातल्या कॉमेंट असतात. व्हीएचे मोठे मॉनिटर बहुधा वक्र येतात त्याचे एक चांगले कारण हेच आहे: कडा बघणाऱ्याकडे वळल्या की कोन कमी होतो. दुसरी खोडी वेगाची. काळ्यातून गडद करड्याकडे जायला व्हीएच्या रेणूंना जास्त वेळ लागतो, म्हणून काळ्या थीमवर फाइल भरभर खाली सरकवली की अक्षरांमागे काळसर ओघळ दिसतात. दिवसभर लॉग चाळणाऱ्याला ते खुपते.

आयपीएसची कल्पना सोपी आणि सुंदर आहे. रेणू उभे-आडवे होत नाहीत. काचेला समांतर राहूनच फिरतात. म्हणून कुठल्याही बाजूने पाहिले तरी ते जवळपास सारखेच दिसतात. या तंत्राची पेटंटे १९९० च्या सुमारास जर्मनीत फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या गुंटर बाउर आणि सहकाऱ्यांनी नोंदवली आणि जपानच्या हिताचीने १९९६ च्या सुमारास त्यावरचे मॉनिटर बाजारात आणले. डाव्या कोपऱ्यातले टर्मिनल आणि उजव्या कडेचा एडिटर एकाच छटेत दिसणे, शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला तोच रंग दिसणे, मॉनिटर उभा केला तरी काही न बिघडणे, हे सगळे आयपीएसमध्ये सहज मिळते. उणीव एकच ठळक: अंधाऱ्या खोलीत काळा रंग धूसर दिसतो आणि कोपऱ्यांत फिकट चमक येते. एलजी डिस्प्लेने ‘आयपीएस ब्लॅक’ या नावाने ती बरीच कमी केली आणि २०२२ साली डेलने २७ इंची यू२७२३क्यूई हा त्यावरचा मॉनिटर आणला. त्याचा कॉन्ट्रास्ट दोन हजारास एक सांगितला जातो. सरळ विचारले तर बहुसंख्य प्रोग्रॅमरांसाठी उत्तर आयपीएस हेच आहे. खिडकीजवळ किंवा ट्यूबलाइटखाली बसणाऱ्याला तर व्हीएच्या काळ्याचा फायदा फारसा मिळतच नाही, कारण खोलीतला उजेड पडद्यावरून परत फिरतो आणि काळ्यालाही राखाडी करतो.

मात्र इथे थांबले तर निवड चुकण्याची शक्यता आहे. पॅनलचा प्रकार हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पिक्सेल किती दाट आहेत हा, आणि दुकानात तो सहसा कुणी विचारत नाही.

नेत्रतज्ज्ञ ज्याला ६/६ म्हणतात त्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारकावे वेगळे ओळखता येतात. ६० सेंटिमीटरवर तो बारकावा ०.१७५ मिलिमीटर भरतो. आता पडदे मोजून पाहू. २४ इंची फुल एचडी मॉनिटरचा एक पिक्सेल ०.२७७ मिलिमीटरचा, म्हणजे डोळा ओळखू शकतो त्याच्या दीडपटीहून मोठा. अक्षरांच्या तिरप्या रेषांना पायऱ्या पडलेल्या दिसतात त्या याच कारणाने. २७ इंची १४४०पीमध्ये पिक्सेल ०.२३३ मिलिमीटरवर येतो. फरक जाणवतो, पण प्रश्न पुरता सुटत नाही. २७ इंची ४के घेतला की तो ०.१५५ होतो आणि अक्षर छापील दिसू लागते. ३२ इंची ४केमध्ये तो ०.१८ च्या आसपास असतो, त्यामुळे तो ७० सेंटिमीटरवर ठेवला तर तितकेच समाधान देतो. देवनागरीसाठी हा फरक रोमनपेक्षा अधिक मोलाचा आहे. फुल एचडीवर ‘र्किं’सारख्या अक्षरावरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत विरघळतात; ४केवर ते सुटे दिसतात.

हे नवे नाही. आयबीएमने २००१ साली टी२२१ नावाचा २२ इंची मॉनिटर आणला होता, ३८४० गुणिले २४०० पिक्सेलांचा, इंचाला २०४ पिक्सेल. किंमत कित्येक हजार डॉलर होती, त्यामुळे तो नकाशे, वैद्यकीय प्रतिमा आणि प्रयोगशाळा यांच्यापुरताच राहिला. पुढची बरीच वर्षे बाकीच्यांनी इंचाला ९०-१०० पिक्सेलांवर काम केले आणि त्या काळात अक्षर सुधारायची जबाबदारी सॉफ्टवेअरने उचलली. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली जाहीर केलेले क्लिअरटाइप पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या स्वतंत्रपणे वापरते, म्हणजे आडव्या दिशेने तिप्पट बारीक काम करते. ॲपलने २०१८ च्या मॅकओएस मोहावेपासून अशी युक्ती बंद केली, कारण त्यांचे स्वतःचे पडदे इंचाला २०० हून जास्त पिक्सेलांचे झाले होते. याचा भुर्दंड मॅकला साधा मॉनिटर जोडणाऱ्यांना बसतो: त्याच मॉनिटरवर विंडोजमध्ये ठीक दिसणारी अक्षरे मॅकमध्ये पुसट दिसतात. मॅकवर काम करणाऱ्याने म्हणूनच २७ इंची १४४०पीच्या वाटेला शक्यतो जाऊ नये.

ओएलईडीचा विचार इथेच करायला हवा, कारण त्याची अडचण या पट्ट्यांशीच निगडित आहे. १९८७ साली कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दाखवलेल्या या तंत्रात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. मागचा दिवा नाही, झडप नाही. काळा पिक्सेल म्हणजे विझलेला पिक्सेल. काळ्या थीमवर याच्याइतके नितळ दुसरे काही दिसत नाही. पण २०२२ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या क्यूडी-ओएलईडी पॅनलात तिन्ही रंग ओळीने नसून त्रिकोणात मांडलेले होते, आणि एलजीच्या पॅनलात तीन रंगांच्या जोडीला चौथा पांढरा भाग होता. क्लिअरटाइप तीन उभ्या पट्ट्या गृहीत धरते. त्यामुळे ३४ इंची, इंचाला ११० पिक्सेलांच्या पहिल्या मॉनिटरांवर अक्षरांच्या कडेला हिरवी-जांभळी झालर दिसू लागली आणि प्रोग्रॅमरांनी त्याबद्दल तक्रार केली. पुढे २०२५ मध्ये २७ इंची ४के क्यूडी-ओएलईडी आले. मांडणी तशीच त्रिकोणी होती, पण इंचाला १६६ पिक्सेल झाल्याने ती झालर बहुतेकांच्या डोळ्यांना दिसेनाशी झाली. दाटपणा आधी बघावा, पॅनल नंतर, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

ओएलईडीबाबतची खरी काळजी वेगळी आहे. सेंद्रिय पदार्थ जसजसा वापरला जातो तसतसा मंदावतो, आणि एडिटरची मांडणी वर्षानुवर्षे जागची हलत नाही. खालचा टास्कबार, डावीकडची फाइलींची यादी, वरचे टॅब रोज आठ तास त्याच जागी. त्यांचा ठसा पडण्याचा धोका चित्रपट बघणाऱ्यापेक्षा प्रोग्रॅमरला कितीतरी जास्त आहे. काही कंपन्या यासाठी तीन वर्षांची वॉरंटी देतात. ती लेखी आहे का हे तपासावे. टास्कबार आपोआप लपेल असे करणे, पडदा पाच मिनिटांत विझेल असे ठेवणे, ब्राइटनेस गरजेपुरताच ठेवणे ही पथ्ये पाळायची तयारी असेल तरच ओएलईडी घ्यावा. संध्याकाळी त्याच मॉनिटरवर गेम किंवा सिनेमा बघणाऱ्याला तो सौदा पटू शकतो. निव्वळ कामासाठी घेणाऱ्याने चांगल्या ४के आयपीएसवर पैसे घालणे जास्त शहाणपणाचे.

आता डोळ्यांच्या आरामाकडे. यात पॅनलपेक्षा उजेडाचा वाटा मोठा आहे आणि तो फुकट सुधारता येतो. कार्यालयात टेबलावर सुमारे ५०० लक्स उजेड धरला जातो. त्या उजेडात पांढरा कागद साधारण १२५ निट इतका उजळ दिसतो. पडद्यावरचे पांढरे पान तेवढेच उजळ असले की कागदावरून पडद्याकडे आणि परत नजर नेताना बाहुलीला आकार बदलावा लागत नाही. मॉनिटर मात्र कारखान्यातून ३०० निटांच्या आसपास लावून येतात, दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावेत म्हणून. पडद्याशेजारी कोरा कागद धरून दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणणे ही सोपी रीत आहे. जूनमध्ये आभाळ भरून आले की खोली अंधारते, तेव्हा तो पुन्हा खाली आणावा लागतो. मेमध्ये बाल्कनीतून ऊन येत असेल तर वर न्यावा लागतो.

काळी थीम की पांढरी, हा वाद प्रोग्रॅमरांमध्ये संपत नाही. ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातल्या कोसिमा पिपेनब्रॉक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांवर प्रयोग केला. पांढऱ्यावर काळी अक्षरे असताना दोन्ही गटांना बारीक तपशील अधिक चांगले दिसले आणि मुद्रितशोधनातल्या चुकाही जास्त सापडल्या. कारण बाहुलीत आहे: उजळ पानाकडे बघताना ती आकुंचन पावते आणि प्रतिमा रेखीव होते. काळ्या पानावर ती विस्फारते, आणि दृष्टिवैषम्य असेल तर पांढरी अक्षरे फुलल्यासारखी दिसतात. अर्थात रात्री अंधाऱ्या खोलीत पांढरे पान डोळ्यांवर येते, हेही खरेच. दिवसा पांढरी, रात्री काळी अशी अदलाबदल बहुतेक प्रमुख एडिटर आपोआप करू शकतात.

निळ्या प्रकाशाची भीती मात्र बाजूला ठेवायला हरकत नाही. २०२३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या आणि निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा अल्पावधीत कमी होतो असे त्यांत आढळले नाही. थकव्याचे मोठे कारण फार साधे आहे. माणूस एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे एकटक बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते आणि डोळे कोरडे पडतात. एसीचा झोत थेट चेहऱ्यावर असेल तर आणखीच. म्हणून मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी: नजर खाली झुकली की डोळ्याचा उघडा भाग कमी होतो आणि ओलावा टिकतो. उंची कमीजास्त होणारे स्टँड त्यासाठीच लागते, आणि स्वस्त मॉनिटरांत नेमके तेच गाळलेले असते.

पडद्याचा आकार हा त्यामानाने छोटा मुद्दा, पण सांगण्याजोगा. कोड उभा वाढतो. १०८० ऐवजी १२०० पिक्सेल उंचीचा मॉनिटर घेतला तर त्याच रुंदीत अकरा टक्के जास्त ओळी दिसतात. बेनक्यूने २०२४ मध्ये आणलेला आरडी२८०यू तीनास दोन प्रमाणाचा आहे, ३८४० गुणिले २५६० पिक्सेलांचा आणि अर्थातच आयपीएस. एलजीच्या ड्युअलअपने तर जवळजवळ चौरस आकार स्वीकारला. हे मॉनिटर महाग असतात. ज्याला दोन मॉनिटर ठेवायला टेबल पुरत नाही त्याला मात्र ते उपयोगी पडतात.

घेण्याआधी तपासायच्या गोष्टी दहा मिनिटांत होतात. दुकानदाराचा रंगीत व्हिडिओ बंद करून स्वतःचा लॅपटॉप जोडावा आणि रोजची फाइल रोजच्या फाँटमध्ये उघडावी, जमल्यास काही मराठी ओळींसह. नेहमीच्या अंतरावर बसून, मान न हलवता, चारही कोपऱ्यांतली फिकट कॉमेंट वाचता येतात का ते बघावे. फाइल झरझर खाली सरकवावी आणि काळ्या थीमवर ओघळ दिसतात का ते पाहावे. मग ब्राइटनेस वीस टक्क्यांवर आणून मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने पडद्याचे चित्रण करावे. त्यात सरकते काळे पट्टे दिसले तर तो मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो असे समजावे. ही उघडझाप डोळ्याला थेट दिसत नाही, पण काहींचे डोके त्याने दुखते, आणि ते घरी नेल्यावर आठवड्याने कळते. अशा वेळी तोच पॅनल असलेला, पण दिवा एकसारखा जळता ठेवणारा दुसरा मॉनिटर मागावा. ‘फ्लिकर-फ्री’ लिहिलेले बहुतेक आयपीएस मॉनिटर याच रीतीचे असतात, तरी कॅमेरा त्यांच्यासमोरही धरावा.